साडूंचा तोतया

माझ्या मोठ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी संशयी माणूस तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. एरवी संशयी माणसं कडवट असतात. त्यांच्याजवळ बसलं की आपणच काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटायला लागतं. साडूंचा संशय सगळ्यांवर सारखा होता. व्याह्यांवर होता, पोस्टमनवर होता, संत्र्यांवर होता आणि वेळ पडली तर स्वतःवरही होता. ते अमरावतीला वकील आणि नोटरी. कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून बसायचे आणि समोर उभा असलेला माणूस खरोखर तोच माणूस आहे, असं शिक्का मारून जगाला सांगायचे. हे काम वर्षानुवर्षं केल्यावर कुणाचाही स्वभाव थोडाफार वाकेल, असं मी एकदा त्यांची बाजू घेत म्हणालो, तर माझी मेहुणी, म्हणजे ताई, म्हणाल्या, "शिक्का मागून आला. संशय पाळण्यातलाच आहे."

मी बडनेऱ्याला रेल्वेच्या बुकिंगमध्ये नोकरीला होतो. सुटीच्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको अमरावतीला ताईंकडे जायचो. वैशाखाच्या उन्हात त्यांच्या दाराची कडी वाजवली की आतून साडूंचा आवाज यायचा, "कोन हाय?" मी म्हणायचो, "मी." त्यावर आतून उत्तर, "मी तं मी हाय. तुमी कोन?" मग मी नाव सांगायचो, गाव सांगायचो, नातं सांगायचो, आणि आतले गृहस्थ त्यावर विचार करत उभे राहायचे. शेवटी ताई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, उघडा न! पाहुणा वाळून चालला तिकडं!" तेव्हा कुठे दार उघडायचं आणि साडू हसतमुखानं म्हणायचे, "या या, बडनेरेवाले. आवाजावरून वाटलंच होतं." टेलिफोनवर कुणी लाडात येऊन "ओळखलं का?" असं विचारलं, की ते शांतपणे "नाही" म्हणून फोन ठेवून द्यायचे. त्यांच्या सख्ख्या मावशीचा फोन त्यांनी असा ठेवला होता, आणि मावशी पुढं दोन दिवाळ्या रुसून बसल्या होत्या.

माझ्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. आमच्या घरच्यांनी हौसेनं पत्रिकेवर माझं नाव राजेश असं छापलं होतं. शाळेच्या दाखल्यावर मी नुसता राजू. ही तफावत साडूंच्या ध्यानात आली ती नेमकी मांडवात. त्यांनी माझ्या वडिलांना खांबाआड नेलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "पोरगी आमी राजेशले देऊन राहिलो. मंग हा राजू कोन?" वडील बिचारे घामाघूम. भटजी मंगलाष्टकांसाठी खोळंबलेले. अखेर माझ्या गावच्या हेडमास्तरांनी, जे नशिबानं जेवायला आले होते, हा मुलगा दोन्ही आहे असं तोंडी सांगितलं, तेव्हा अंतरपाट धरला गेला.

भाजीबाजारात ते संत्री घ्यायला उभे राहिले की बाकीची गिऱ्हाइकं करमणूक म्हणून थांबत. विक्रेती बाई म्हणे, "घ्या साहेब, वरूडची हायेत." हे एक फळ हातात घेऊन चहूबाजूंनी न्याहाळत आणि विचारत, "वरूडची कशावरून?" एकदा ती बाई वैतागून म्हणाली, "आता संत्र्याचं आधार कार्ड काढून आनू काय, साहेब?" साडूंनी त्यावरही क्षणभर गंभीरपणे विचार केला. त्यांची स्वतःची सही म्हणजे वेगळंच प्रकरण. कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून तरुणपणी त्यांनी तिच्यात इतक्या वेलांट्या, गाठी आणि शेपट्या घालून ठेवल्या होत्या की उतारवयात ती त्यांनाच जमेनाशी झाली. बँकेनं 'सही जुळत नाही' म्हणून त्यांचाच चेक त्यांना परत केला. दुसरा कुणी असता तर भांडला असता. साडूंना इतका आनंद झाला की ते पेढे घेऊन बँकेत गेले. "सावध हायेत पोट्टे," असं ते पुढं कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होते.

पण हाच माणूस कडुनिंबाखाली बसला की निराळा दिसायचा. ती वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. कधी पाऊस नाही, कधी बोंडअळी, कधी कापसाला भाव नाही. सरकारनं काही मदत जाहीर केली की दर्यापूर-अंजनगावकडची माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन कचेरीत यायची, आणि प्रत्येकाचं नाव कुठंतरी चुकलेलं असायचं. सातबाऱ्यावर पंजाब, आधारावर पंजाबराव, बँकेत पी. के. तिघं एकच आहेत हे कागदावर सिद्ध केल्याशिवाय मदत मिळायची नाही. इतर ठिकाणी धडाधड शिक्के पडत. साडू मात्र माणसाला समोर बसवत, चहा मागवत आणि म्हणत, "नीट सांग. बापानं ठेवलेलं नाव सांग, तलाठ्यानं ठेवलेलं नको." मग ते नाव ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत, आडनावासकट, आणि समोरचा म्हातारा जरा ताठ बसे. मी ते पाहिलेलं आहे.

त्यांच्या संशयाचा फटका खरा बसला तो रशीदभाईंना. रशीदभाई आणि साडू दर्यापूरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढं रशीदभाईंनी अकोल्याला गाद्या-रजयांचं दुकान टाकलं. ईदला ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन अमरावतीला येत, दिवाळीला हे चकल्या घेऊन अकोल्याला जात. एकदा रशीदभाई दुकानाचा कुठलासा कागद घेऊन कडुनिंबाखाली आले. साडूंनी कागद वाचला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "ओळखपत्र?"

"कोनाचं?"

"तुहं."

रशीदभाई आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचा हसत नाही. "अबे, तुह्या मुंजीचे लाडू खाल्ले म्या. शाळेत तुह्या चड्डीवर शाई सांडली म्या. तू मले ओयखत नाही?"

"मी ओयखतो," साडू म्हणाले. "नोटरी ओयखत नाही."

रशीदभाईंनी कागद उचलला. "मंग इतके वर्ष मी ईदले कोनाच्या घरी येत होतो? नोटरीच्या?" असं म्हणून ते चालते झाले, ते पुन्हा आले नाहीत. नियमानं साडूंचं बरोबरच होतं, आणि हीच त्यातली अडचण होती. चूक असती तर निदान कबूल तरी करता आली असती.

अशी कैक वर्षं गेली. मग एका वाढदिवसाला मी सकाळी फेसबुक उघडलं तर साडूंच्या नावानं मला शुभेच्छा. वर त्यांचा तोच एक फोटो, वकिलीची सनद मिळाली तेव्हाचा, काळ्याभोर मिशांचा, जो ते प्रत्येक अर्जावर पुरवून पुरवून लावत आले होते. खाली गुलाबाची फुलं, जिलबीचं ताट आणि मजकूर: "प्रिय राजेशराव, तुमच्यासारखा साडू मिळायला भाग्य लागतं. शतायुषी व्हा." मी चहाचा कप खाली ठेवला. हा माणूस मला उभ्या जन्मात राजेशराव म्हणाला नव्हता. पण मनुष्य वयानं निवळतो, असं मी समजलो आणि खरं सांगायचं तर सुखावलो.

हळूहळू लक्षात आलं की सगळ्या गोतावळ्यावरच हा पाऊस पडतो आहे. भाचीला दहावीच्या निकालाबद्दल शाबासकी. मागं रुसलेल्या मावशींना नमस्कार. हरलेल्या पक्षकाराला धीर. कुणाच्या घरी नातू झाला की साडू हजर, कुणाचं दुखलंखुपलं की साडू हजर. आणि मधूनमधून घरगुती मजकूर, जसा की, "आज आमच्या सौ.नी केलेल्या पाटोडीच्या रश्श्याला अमरावती जिल्ह्यात तोड नाही." माझी बायको ते वाचून म्हणाली, "भाऊजी किती बदलले हो! ताईचं कौतुक करायला लागले." इकडं कडुनिंबाखालचे साडू पूर्वीसारखेच "तुमी कोन?" विचारत बसलेले. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन होता, आणि तोही ते वाजला की संशयानं बघत.

एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि कडी वाजली. "कोन हाय?" बाहेरून आवाज आला, "रशीद दर्यापूरवाला. ओयखपत्र आनलं हाय!" साडूंच्या हातातला घास हातात राहिला. दारात रशीदभाई उभे, दाढी पार पांढरी झालेली, खांद्यावर नवी कोरी रजई. ते आत आले, साडूंना कडकडून भेटले आणि म्हणाले, "कापसाले भाव नाही म्हून दुनिया रडून राहिली. म्हटलं, दोस्ताच्या आंगावर तरी पडू दे." साडू खांबासारखे उभे. काय झालं आहे ते त्यांना कळेना. मग रशीदभाईंनी खिशातून मोबाइल काढून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "रशीद, त्या दिवशी नोटरी म्हणून मी बरोबर होतो आणि दोस्त म्हणून चुकलो. ये एकदा. पाटोडी करायला सांगतो."

साडूंनी ते ऐकलं, आणि मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी रशीदभाईंना पाटावर बसवलं, स्वतः वाढलं, आणि दुपारभर दोघं म्हातारे शाळेच्या गोष्टी काढून खिदळत बसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ताई पुन्हापुन्हा रस्सा वाढायला येत होत्या आणि उगाचच डोळ्यांना पदर लावत होत्या; तिखट झालाय, म्हणाल्या.

रशीदभाईंची बस सुटली आणि साडू माझ्याकडं वळले. "राजू, हा मजकूर माझा नाही." ते शुद्ध मराठीत बोलले म्हणजे प्रकरण गंभीर. घरात वऱ्हाडी, कोर्टात शुद्ध, आणि राग आला की घरातही शुद्ध, असा त्यांचा रिवाज होता. मी माझ्या मोबाइलवर त्यांना सगळं दाखवलं: फुलं, जिलब्या, मावशींना नमस्कार. ते एकेक वाचत गेले आणि त्यांचा चेहरा एखाद्यानं आपल्याच घरात दुसऱ्याचे कपडे वाळत घातलेले पाहावेत तसा झाला. "ही तोतयेगिरी आहे," ते म्हणाले. "माझं सोंग घेऊन कोणीतरी गावभर फिरतं आहे. उद्याच फिर्याद."

"जाऊ द्या न," ताई म्हणाल्या. "कोनाचं काय बिघडलं?"

"बिघडण्याचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांच्या सायबर शाखेत गेलो. तिथले साहेब तरुण, सांगलीकडचे, नुकतेच बदलून आलेले. मी पुढं होऊन म्हणालो, "साहेब, कोणीतरी यांच्या नावानं लिहून राहिला."

"कुठं राहिला? पत्ता माहिती आहे का तुम्हाला?" साहेबांनी पेन उचललं. 'लिहून राहिला' म्हणजे नुसतं 'लिहितोय', हे त्यांना समजावण्यात थोडा वेळ गेला. मग ते साडूंकडं वळले. "पैसे मागितले का कुणाकडं?"

"नाही."

"शिवीगाळ? बदनामी? अश्लील काही?"

"नाही."

"मग केलं काय त्यानं?"

साडू जरा घुटमळले. "वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या."

मागच्या बाकावरचा हवालदार खोकला. "आणि?" साहेब म्हणाले.

"माफी मागितली. माझ्या वतीनं. आणि आमच्या घरच्या रश्श्याची तारीफ केली."

आता हवालदार उठून बाहेरच गेला. साहेबांनी मात्र हसू दाबून सरळ विचारलं, "वकीलसाहेब, मी लहान आहे तुमच्यापेक्षा, पण विचारतो. चोरी म्हटलं की काहीतरी जावं लागतं. तुमचं गेलं काय?"

"नाव," साडू म्हणाले. मग ते सावकाश बोलायला लागले, आणि खोलीतलं हसणं थांबलं. "माझ्याकडं जमीनजुमला नाही. एक नाव आहे. ते कागदाखाली आलं की तहसीलदारापासून बँकेपर्यंत सगळे तो कागद खरा मानतात, कारण खोट्या कागदाखाली ते कधी आलं नाही. आज कुणीतरी त्या नावानं गोड बोलतो आहे. उद्या त्याच नावानं तो एखाद्या विधवेचं शेत लिहून घेईल. तेव्हाही लोक म्हणतील, वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं. माझा चेहरा लावून फिरणारा माणूस चांगला आहे की वाईट, हे त्याच्या मर्जीवर सोडायचं का मी?"

साहेबांनी मान हलवली आणि अर्ज ठेवून घेतला. बाहेर आल्यावर साडू माझ्याकडं बघून म्हणाले, "पोट्टा चांगला हाय." म्हणजे राग थोडा उतरला होता.

काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. "वकीलसाहेब, शक्यतो घरच्यांना न सांगता या." आम्ही गेलो. साहेबांनी दार लोटून घेतलं, खुर्ची पुढं ओढली आणि एक मोबाइल नंबर वाचून दाखवला. हे खातं या नंबरावर उघडलं आहे, म्हणाले. "हा नंबर कुणाच्या नावावर आहे माहीत आहे का?"

"कुणाच्या?"

"तुमच्याच."

"म्हणजे आरोपी मी?"

"कागदोपत्री तरी तुम्हीच, साहेब."

साडू त्या नंबराकडं बघत राहिले. त्यांच्या नावावर दोन सिम कार्डं होती. एक त्यांच्या खिशात होतं. दुसरं त्यांनीच, स्वतःची ओळखपत्रं देऊन, दुकानदाराला नोटरीच्या टेबलापाशी बोलावून, अगदी नियमानुसार घेतलं होतं, ताईंसाठी.

घरी आलो तेव्हा ताई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. आमचे चेहरे बघून त्यांनी काय ते ओळखलं. त्या थापायच्या थांबल्या नाहीत. "मी केलं," म्हणाल्या. "लिहा माहं नाव फिर्यादीत."

"का?" साडूंनी विचारलं. शुद्धच.

"का म्हनजे? मोठ्या भाचीनं फोन दिला, खातं काढून दिलं. आधी मी माह्याच नावानं लिहीत होती. कोनी इचारेना. लोक म्हनत, वकीलसाहेब कसे आहेत, ते काही बोलत नाहीत, रागावले काय. मावशी मरायले टेकल्या होत्या अन तुमी फोन ठेवल्याचं त्या अजून सांगत होत्या. मंग एकदा तुमचा फोटो लावला. तुमच्या नावानं नमस्कार लिहिला. मावशीनं तो साऱ्या वाड्यात दाखवला. तवा मी म्हटलं, चालू दे."

"पण त्या माझ्या भावना नाहीत!"

ताईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच मागं वळल्या. "रशीदभाईबद्दलचीबी नाही? दर ईदले तुमी कसे बसता, ते मले दिसत नाही काय?"

साडू दाराकडं वळले. ते बाहेर जाऊन ओसरीवर बसले. बऱ्याच वेळानं तिथूनच मला हाक मारून म्हणाले, "राजू, फसवणूक माझी झाली नाही. रशीदची झाली. त्याला वाटतं मी माफी मागितली. खोट्या गोष्टीवर तो रजई देऊन गेला." आणि मग मला ज्याची धास्ती वाटत होती तेच ते म्हणाले, "ती परत करायला पाहिजे."

ताई म्हणाल्या, नका जाऊ, जुळलंय ते मोडेल. मीही म्हणालो. पण ज्या माणसानं आयुष्यात खोट्या कागदावर शिक्का मारला नाही, तो खोट्या माफीवर दोस्ती ठेवणार नव्हता. पुढच्या सुटीला आम्ही बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर धरली. थंडी सरलेली, उन्हाचा चटका सुरू झालेला, आणि साडू मांडीवर रजईचं गाठोडं घेऊन बसलेले. मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, "कशी देली, बाबा?" साडू म्हणाले, "विकाऊ नाही. मुद्देमाल हाय." त्या बाई उठून दुसरीकडं जाऊन बसल्या.

रशीदभाईंच्या दुकानात कापूस पिंजायचं यंत्र चालू होतं आणि हवेत पांढरे तंतू तरंगत होते. आम्हाला बघून त्यांनी यंत्र बंद केलं. "काय झालं? रजईले ऊब नाही काय?"

साडू उभेच राहिले. "रशीद, मला एक खुलासा करायचा आहे."

"बापा! शुद्ध बोलून राहिला. कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही. तुला जो मजकूर मिळाला तो माझा नव्हता. माझ्या पत्नीनं माझ्या संमतीवाचून लिहिला. त्यामुळं ही वस्तू मला ठेवता येणार नाही." त्यांनी रजई गादीवर ठेवली. त्यांचा हात तिच्यावरच राहिला.

रशीदभाई असे हसले की समोरच्या दुकानातला माणूस वळून पाहायला लागला. "अबे, मले का तू नवा भेटला? शाळेत माह्या डोक्यात पाटी हानली, टाके पडले, तवा तुह्या तोंडातून 'चुकलं' निंगालं नाही. ते का मोबाइलात निंगीन? एक लाइन वाचली अन समजलो, वहिनी लिहून राहिली."

"मंग आला काहून?" साडूंची शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली.

"बोलावलं म्हून आलो. तू नाही बोलावलं तं तुह्या घरानं बोलावलं. फसवनूक त्याची होते ज्याले मालूम नाही. मले सारं मालूम होतं. मी पाटोडी खायले आलो."

साडूंनी रजईवरचा हात काढला. ते गादीच्या कडेवर टेकले. रशीदभाईंचं हसू ओसरलं. ते हळू आवाजात म्हणाले, "आता तं तू खरा आला न. तोतया नाही. मंग आता तूच बोल."

साडूंनी रुमालानं मान पुसली, चष्मा पुसला, पुन्हा मान पुसली. मी दुसरीकडं बघायला लागलो. शेवटी ते रजईकडं बघत म्हणाले, "ईदले सकाऊनच आंघोय करून नवा सदरा घालत होतो मी. दरसाल. दुपारपर्यंत बसत होतो बे दारात. मंग काढून ठेवत होतो."

रशीदभाई पुढं सरकले. त्यांनी साडूंच्या खांद्यावर पडलेला कापसाचा एक तंतू उचलला आणि मग मोठ्यानं हाक मारून चहा मागवला, तीन कप, साखर जास्त. रजई आमच्यासोबतच परत आली.

परतीच्या गाडीत साडू बोलायला लागले ते थांबेचनात. कायदा असायलाच पाहिजे, म्हणाले. दुसऱ्याचं नाव-चेहरा लावून लुबाडणाऱ्याला तुरुंगात घालायलाच पाहिजे, त्यात काही दयामाया नाही. "पन आधी इचारलं पाह्यजे, राजू, त्यानं कोनाचं काय हिसकलं. कायद्यात शब्द हाय, अप्रामाणिकपणे. तो शब्द लिहिणाऱ्यानं उगाच नाही लिहिला. माह्यी बायको मले न इचारता मी झाली, हे चूक. पन तिच्यात अप्रामाणिक काय हाय, ते मी अकोल्यापासून शोधून राहिलो अन मले सापडून नाही राहिलं."

सांगलीकडच्या साहेबांनी सोपी वाट सुचवली होती: माझ्या परवानगीनंच खातं उघडलं, असं लिहून द्या, अर्ज निकाली काढतो. साडूंनी नकार दिला. परवानगी नव्हती, तर होती असं कसं लिहायचं? त्यांनी स्वतःच्या हातानं जबाब लिहिला: खातं पत्नीनं उघडलं, माझी परवानगी नव्हती, हेतू अप्रामाणिक नव्हता, कुणाचं नुकसान झालं नाही, माझा फायदा झाला, माझी तक्रार नाही. खाली सही करायला त्यांना बराच वेळ लागला. साहेबांनी तो वाचला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. "पाटोडी म्हणजे नक्की काय असतं हो?" त्यांनी विचारलं. पुढच्या रविवारी ते जेवायला आले. दारात त्यांनाही "कोन हाय?" विचारलं गेलंच.

खातं बंद झालं नाही. पण साडूंनी अट घातली की वाचणाऱ्याला खरं काय ते कळलं पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक शुभेच्छेखाली ताई इमानानं लिहायला लागल्या, 'मजकूर पत्नीचा, भावना माझ्या.' नातेवाइकांना त्याची इतकी मजा वाटली की माझ्या मेहुण्यानं मुलाच्या लग्नपत्रिकेवरही तसंच छापायचा हट्ट धरला.

मी आता निवृत्त होऊन मुलाकडं नागपूरला असतो. जाणं कमीच होतं. गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा ताईंच्या हातांना कंप सुटला होता. बोटं अक्षरांवर ठरत नव्हती. म्हणून दुपारी ओसरीवर उन्हात त्या सांगत आणि साडू टाइप करत. रशीदभाई आलेले होते, आरामखुर्चीत डुलक्या घेत होते. कुणाच्या तरी नातीचा वाढदिवस होता. साडू एकेका शब्दावर हुज्जत घालत होते, 'चिमुकली' कशाला, वय काय तिचं, आणि ताई न हटता पुढं सांगत होत्या. मग एकदा त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांना आठवेना. हल्ली असं होतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. त्या अंगणाकडं बघत ओठ हलवत राहिल्या. साडूंना तो शब्द ठाऊक होता. इतकी वर्षं त्यांच्याच नावानं तो गावभर गेलेला होता. त्यांचा अंगठा फोनवर तयार होता. पण मजकूर पत्नीचा; त्यांनी तो शब्द लिहिला नाही, सुचवलाही नाही. फोन मांडीवर ठेवून ते ताईंकडं बघत बसले, कुठलीच घाई नसल्यासारखे, आणि ऊन हळूहळू ओसरीवरून खाली उतरत गेलं.